चर्चसमोरचं गायरान

आमच्या त्या भाड्याच्या घराला पुढच्या बाजूनं एकच मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीत अख्खं गाव मावायचं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे गवताचा लांबट तुकडा, त्याच्या एका टोकाला पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च, दुसऱ्या टोकाला विटांचा टाउन हॉल, मधे बँडवाल्यांसाठी बांधलेला लाकडी मंडप आणि बंदूक टेकवून उभा असलेला दगडी शिपाई. कडेनं मेपलची म्हातारी झाडं. गावातले लोक ह्या जागेला नुसतं ‘ग्रीन’ म्हणायचे. लग्न लागलं की वऱ्हाड फोटो काढायला तिथं यायचं, कुणी गेलं की चर्चमधून बाहेर पडलेली माणसं तिथंच घोळक्यानं उभी राहायची, उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी बँड वाजायचा आणि शनिवारी आसपासचे शेतकरी मक्याची कणसं, मध, अंडी घेऊन बसायचे. चर्चच्या घड्याळाचे टोल आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत. आय त्या टोलांवर भात उतरवायची.

‘आय’च म्हणायचो आम्ही तिला, मी आणि माझा धाकटा भाऊ विजू. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळी पोरं आपापल्या आईला आयच म्हणत. दादा, म्हणजे आमचे वडील, त्या गावातले पहिले डॉक्टर, आणि डॉक्टर होऊन ते गेले ते थेट मॅसॅच्युसेट्सला. मागाहून आम्हाला बोलावून घेतलं. अमेरिकेतल्या त्या गावात मराठी घर एकच, आमचं. तासाभराच्या अंतरावर मोठ्या शहरात चार मराठी घरं होती, तिथं संक्रांतीला तिळगूळ घ्यायला गेलो तेव्हा एका पुण्याच्या काकूंनी मला जवळ घेऊन प्रेमानं सांगितलं, “आय काय गं! आई म्हणावं.” परतताना गाडीत विजूनं ‘आई’ अशी हाक मारून बघितली. आयनं मागं वळून विचारलं, “कुणाला बोलावतोयस रं?” विषय तिथंच संपला.

आय तशी बोलघेवडी. गावाकडं तिला दारातून पाणवठ्यापर्यंत जायला निम्मी सकाळ लागायची, कारण वाटेत प्रत्येक उंबऱ्याशी थांबायचं असे. इथं पहिला हिवाळा तिनं त्या खिडकीत बसून काढला. बाहेर बर्फ, घरात हीटरची खुडखुड, दादा हॉस्पिटलात, आम्ही शाळेत. आम्ही घरी आलो की ती विचारायची, “आज कोण कोण भेटलं?” आणि आम्ही “नोबडी” म्हटलं की ती हिरमुसायची. एका संध्याकाळी तिनं पलंगाखालची मोठी निळी बॅग ओढून काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. “दसऱ्याच्या आत मी पोरांना घिऊन गावाकडं जाणार,” ती दादांना म्हणाली. “तुमी ऱ्हावा हितं. पैसं मिळवा. मला न्हाई करमत.” ती रागानं म्हणाली असती तर दादांनी समजूत घातली असती. पण ती शांतपणे म्हणाली, आणि आय शांतपणे काही म्हणाली की ते व्हायचंच. त्या रात्री कुणी ताटात दुसऱ्यांदा भात घेतला नाही. मला शाळा आवडायला लागली होती, दादा आवडायचेच, आणि आय तर आय होती. ती निळी बॅग मला येता-जाता दिसायची.

बर्फ वितळल्यावर दादांनी तिचं मन वळवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, गावाची माहिती दिली की गाव आवडेल. एका रविवारी आम्हाला ग्रीनवर फिरवून ते सांगू लागले की हे गाव वसलं तेव्हा लोकांनी आधी ही जागा मोकळी सोडली आणि मग घरं बांधली. इथं सगळ्यांच्या गाई चरायच्या. “ही जागा कुणा एकाची नाही,” दादा म्हणाले. “सगळ्या गावाची. आजसुद्धा.”

आय चालता चालता थांबली. “म्हंजी गायरान की ओ हे!” ती म्हणाली. “मग आदी न्हाई का सांगायचं?”

दादा खूष झाले. बायकोला इतिहास कळला असं त्यांना वाटलं. तिला काय कळलं ते आम्हाला उन्हाळा सुरू झाल्यावर कळलं.

आमच्या घराच्या मागं अंगण होतं, पण त्यावर झाडांची एवढी दाट सावली की धुतलेलं फडकंसुद्धा दोन दिवस दमट राहायचं. आयला कुरडया करायच्या होत्या. उन्हाळ्यात कुरडया झाल्या नाहीत तर ते वर्ष तिच्या लेखी वर्षच नव्हतं. गहू दुकानात मिळेना, तेव्हा दादांच्या एका पेशंटनं कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानाचा पत्ता दिला. तिथला गहू निवडून, पाखडून तिनं भिजत घातला. रोज पाणी बदलायचं आणि तरी घरभर तो आंबूस वास. विजू नाक धरून फिरायचा, “इट स्टिंक्स, आय!” मग गहू वाटून, गाळून, सत्त्व खाली बसू द्यायचं, वरची निवळ ओतायची आणि भल्या सकाळी मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा. शिजताना तो जड होत जातो, डावाला चिकटतो, मग चकाकतो. त्या वेळी आय आम्हाला वाटीवाटीभर गरम चीक द्यायची, वर कच्चं तेल. मी अनेक देशांतलं अन्न खाल्लं आहे, मुलांनी मला चांगल्या चांगल्या हॉटेलांत नेलं आहे, पण त्या वाटीची सर कशाला आली नाही. हे मी म्हातारपणी हळवी होऊन लिहीत नाही, तेव्हाही मी वाटी चाटूनपुसून खाल्ली होती.

दादा हॉस्पिटलला गेले आणि आय पातेलं, गावाहून आणलेला पितळी सोऱ्या आणि दोन जुनी लुगडी घेऊन रस्ता ओलांडून गेली. बँडच्या मंडपापुढं, जिथं दिवसभर ऊन असायचं, तिथं तिनं ओली लुगडी पसरली आणि गोल गोल कुरडया घालायला सुरुवात केली. गाड्या हळू व्हायला लागल्या. पोस्टमन टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन नुसता उभा राहिला. आयला त्यात काही वावगं वाटलं नाही. गायरानावर वाळवण घातलं की लोक बघणारच.

वाळवण घातलं की राखण आली. आमच्या ग्रीनवर मोठमोठे रानहंस उतरायचे, त्यांना कुरडयांचा पत्ता लगेच लागला. खारी तर होत्याच. आय छत्री उघडून, हातात काठी घेऊन तिथंच बसली. आणि बसलेल्या माणसाजवळ माणसं येतात. पहिली आली मिसेस हेल. नवरा वारलेली, चर्चमागं एकटी राहणारी, गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलेली बाई. तिनं बोट दाखवून विचारलं, “काय आहे हे?” आय म्हणाली, “कुरडई.” “कर्डी,” मिसेस हेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती घडीची खुर्ची आणि विणकाम घेऊन आली. त्यानंतर उन्हाच्या प्रत्येक दिवशी दोघी तिथं असायच्या. आय मराठीत बोलायची, मिसेस हेल इंग्रजीत, आणि दोघींचं छान चालायचं. मी एकदा मधे पडून भाषांतर करायला गेले तर आय म्हणाली, “तू जा गं, खेळ. आमाला समजतंय.” ती तिला ‘हेलबाई’ म्हणायची. मग लहान पोरांना घेऊन फिरणाऱ्या आया थांबू लागल्या, पोस्टमन रोज हंस हाकलून द्यायला मदत करू लागला, शनिवारी मधवाल्यानं तळलेली कुरडई खाऊन बघितली आणि बदल्यात मधाची बाटली दिली. आम्ही घरी आल्यावर आता आय विचारायची नाही, सांगायची. कोण आजारी आहे, कुणाची लेक बाळंत झाली, हे तिला इंग्रजी येत नसताना कसं कळायचं, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. निळ्या बॅगेचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. ती भिंतीला टेकून होतीच.

दादांना हे कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. चारचौघांत उठून दिसायचं नाही, हा त्यांचा परदेशात राहायचा एकमेव नियम. “अगं, परमिशन लागते इथं,” ते म्हणाले.

“तुमीच म्हनला सगळ्यांची जागा हाय म्हणून.”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“मग कसं म्हनायचं हुतं?”

उत्तर मिस्टर टटलकडं होतं. ग्रीनचं गवत राखायचं काम त्याच्याकडं होतं आणि त्या गवतावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. मनानं वाईट नव्हता तो. पण आयच्या लुगड्यांखाली गवत पिवळं पडत होतं, आणि लढाईत गेलेल्यांची आठवण म्हणून उभ्या केलेल्या शिपायापुढं खाण्याच्या वस्तू वाळत घालणं शोभत नाही असं त्याला वाटत होतं. त्यानं टाउन हॉलमध्ये तक्रार केली. निरोप आला की पुढच्या गावसभेत निर्णय होईपर्यंत ग्रीनवर काही वाळत घालू नये. मिसेस हेलनं लगेच सह्या गोळा केल्या आणि सभेपुढं ठराव ठेवला की गावातल्या कोणत्याही घराला कोरड्या दिवसांत आपल्या घरच्या वस्तू ग्रीनवर वाळवायची मुभा असावी.

सभा होईपर्यंतचे ते आठवडे मला आठवू नयेत असं वाटतं, तरी आठवतात. आय पुन्हा खिडकीत बसली. समोर ग्रीनवर लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि ती त्याच्याकडं बघत राहायची. मिसेस हेल दारात यायची, पण घरात चहा पिताना त्या दोघींना बोलायला सुचत नसे. एक दिवस शाळेतून आले तर निळी बॅग पलंगावर उघडी होती. आत तिची दोन लुगडी आणि माझा स्वेटर. “आदी बघू सभा काय म्हनती,” आय म्हणाली. “न्हाई म्हनाली तर मग हितं माजं काय हाय?” मी बाथरूमचा नळ सोडून रडले. विजूला सांगितलं नाही, तो लहान होता.

सध्या मी अमेरिकेतच, पण दूर दक्षिणेकडं, कॅरी नावाच्या गावात राहते, मुलाच्या घराजवळ. आमच्या कॉलनीतही एक हिरवळ आहे, गालिच्यासारखी कापलेली. तिथं वाढदिवस करायचा तर फोनवर बुकिंग करावं लागतं, आणि माझी नात ते चुटकीसरशी करते. “आज्जी, इट्स सो इझी,” म्हणते. सोपं आहे खरं. पण बुकिंग कॅन्सल झालं म्हणून कुणाच्या घरात बॅग भरली जात नाही.

सभेला येऊ नकोस, असं दादांनी आयला सांगून बघितलं. “माज्या कुरडयांचा निवाडा आन् मी घरी बसू?” ती म्हणाली आणि लग्नातलं इरकली लुगडं नेसून तयार झाली. टाउन हॉल गच्च भरला होता. आम्हाला मत नव्हतं, म्हणून आम्ही मत नसलेल्यांसाठी ठेवलेल्या मागच्या बाकावर बसलो. आधी बर्फ काढायच्या गाडीवर चर्चा झाली, मग एका पुलावर, मग पुन्हा बर्फ काढायच्या गाडीवर. न कळणारी भाषा ऐकून ऐकून आयची मान डुलायला लागली. शेवटी आमचा ठराव आला तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. मी तिला उठवायला गेले तर दादांनी खुणेनं नको म्हटलं. निकाल काय लागणार ह्याची त्यांना धास्ती होती. तो तिनं झोपेत ऐकला तर बरा, असं त्यांना वाटलं असावं.

मिस्टर टटल उठून बोलला, टोपी हातात धरून. गवताला एका जागी झाकलं की ते मरतं, आज एक घर, उद्या दहा घरं, असं म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मग मिसेस हेल उठली. “माझी आजी ह्याच ग्रीनवर विणलेलं कापड उन्हात घालायची आणि राखणीला मला बसवायची,” ती म्हणाली. “हे गवत गाईंच्या खुरांखालूनसुद्धा वाचलेलं आहे. आणि एक सांगते, ह्या उन्हाळ्यात मी माझ्या शेजाऱ्यांशी जेवढं बोलले तेवढं नवरा गेल्यापासून बोलले नव्हते.” एवढंच बोलून ती बसली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. कौल कुणीकडं जाईल काही कळत नव्हतं. 

सभेचा अध्यक्ष, उंच आणि कंटाळलेला माणूस, हातोडी उचलून म्हणाला, “ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी ‘आय’ म्हणा.”

इंग्रजी सभेत ‘हो’ म्हणायचं ते असं म्हणतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. हॉलभरच्या माणसांनी एका दमात, मोठ्यानं म्हटलं, “आय!”

आणि माझी आय झोपेतून दचकून उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ओऽ! आले, आले! काय झालं रं लेकरांनो?”

सगळ्या माना मागं वळल्या. अध्यक्षाची हातोडी हवेतच राहिली. “ह्या बाईंचा काही आक्षेप आहे का?” त्यानं विचारलं. दादांचे कान लाल झाले होते, ते आपल्या बुटांकडं बघत राहिले. मग मीच उठले. मी इंग्रजीत सांगितलं, “नाही, सर. ती झोपली होती. आमच्या घरी आम्ही आईला ‘आय’ म्हणतो. तिला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी तिला हाक मारली.”

मग मिसेस हेल हसली, रडता रडता हसतात तशी, आणि पाठोपाठ सगळा हॉल. आयला काही कळलं नव्हतं, पण लोक हसताहेत म्हणून तीही हसली आणि चारी बाजूंना नमस्कार केला. अध्यक्षानं घसा साफ करून विचारलं, “विरुद्ध कोण?” मिस्टर टटल उभा राहिला आणि एकटाच, स्पष्ट आवाजात म्हणाला, “नो.” मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं, गवताच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवंच होतं.

ग्रीन ओलांडून घरी येताना दादांनी तिला सगळं समजावलं. गाव हो म्हणालं. आय म्हणजे त्यांच्या भाषेत होय.

“आय म्हंजी व्हय?” ती थांबली. “बघा की! मी एवढ्या लांबनं आले, आन् ह्यांना माजं नाव आदीच ठावं हुतं.” जरा पुढं गेल्यावर म्हणाली, “एवढ्या जणांनी एकदम हाक मारल्यावर जायचं तरी कसं वं, माणसानं?” दादांनी रस्त्यात, चारचौघांच्या देखत, तिचा हात धरला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

दसऱ्याच्या आत ऊन कोरडं होतं तेव्हा आयनं आणखी एक घाणा घातला, ह्या वेळी गवतावर नाही, आमच्या दोन लोखंडी खाटांवर. मिस्टर टटल गवत कापायचं यंत्र घेऊन आला, खाटांना वळसा घालून गेला, आणि परतताना थांबून त्यानं खाटांचे पाय गवतात रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली फळीचे तुकडे सरकवले. तिनं त्याला कुरडई दिली. त्यानं ती खिशात घातली, खाल्ली की नाही माहीत नाही. वाळलेल्या कुरडया ठेवायला एवढा मोठा डबा घरात नव्हता. आयनं निळी बॅग रिकामी केली, आतून स्वच्छ पुसली, धोतराचं फडकं अंथरलं आणि कुरडया तिच्यात भरल्या. पुढं त्या घरात ती कुरडयांचीच बॅग राहिली. गावाकडं जायचं झालं की दुसरी बॅग विकत आणावी लागायची.

दादा आणि आय दोघंही त्याच गावात म्हातारी झाली. आय पुढं मतदार झाली, प्रत्येक गावसभेला जायची, आणि सगळे ‘आय’ म्हणत तेव्हा ती त्यांच्याबरोबर म्हणायची नाही. सगळ्यांचं म्हणून झालं की ती हळूच ‘ओ’ म्हणायची. तिचं मत कधी मोजलं गेलं की नाही, देव जाणे. ती गेल्यानंतरच्या वसंतात घर आवरायला मी तिथं गेले होते. टाउन हॉलमध्ये दिवे दिसले, सभा चालू होती. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. ओळखीचे चेहरे थोडेच उरले होते. पुलाचा कुठलासा ठराव होता. अध्यक्षानं विचारलं आणि सगळ्या हॉलनं हाक मारली, “आय!”

मग शांत झालं. कुणीतरी ओ द्यायला हवी होती. मी दिली.